कंबरदुखीच्या माणसाला पुन्हा चालतं करताना: नव्या हेल्थ कोचसाठी मार्गदर्शक

कंबर दुखणाऱ्या माणसाला "चालत जा, व्यायाम करा" असं सांगणारे कमी नसतात. डॉक्टर सांगतात, शेजारी सांगतात, मोबाइलवर रोज एक नवा व्हिडिओ सांगतो. तरी माणूस चालत नाही. त्याला सल्ला माहीत नसतो असं नाही. चाललं तर मणक्याचं काय होईल याची त्याला धास्ती असते. आधी एकदोनदा जोर लावून बघितलेला असतो आणि नंतर तीन दिवस अंथरूण धरलेलं असतं. घरचेही प्रेमाने "राहू दे, तू बस" म्हणत असतात. हेल्थ कोचचं, म्हणजे सल्ला रोजच्या जगण्यात उतरवायला सोबत करणाऱ्या माणसाचं, काम इथून सुरू होतं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि हे काम मुख्यतः फोनवरून करते. नुकतं शिक्षण संपवलेले फिजिओथेरपिस्ट, योगशिक्षक, आरोग्य केंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी अशा अनेकांना या कामात यायचं असतं, पण पहिल्या फोनवर बोलायचं काय इथेच गाडी अडते. त्यांच्यासाठी हा लेख.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा. आपण दुखणं मोजायला फोन करत नाही, माणसाचं आयुष्य किती परत आलं ते बघायला करतो. "आज किती दुखतंय?" हा पहिला प्रश्न झाला की पुढचं सगळं बोलणं दुखण्याभोवती फिरतं. "या आठवड्यात काय काय करता आलं?" असं विचारलं तर माणूस वेगळ्या दिशेने आठवायला लागतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच प्रश्नावर उभ्या आहेत.

या कामाला आधार काय, असं तुम्हाला विचारलं जाईल. १९८६ साली अमेरिकेत रिचर्ड डेयो आणि सहकाऱ्यांनी कंबरदुखीच्या काही रुग्णांना दोन दिवस आणि काहींना सात दिवस झोपून राहायला सांगितलं. दोन दिवसवाल्यांचं काहीही बिघडलं नाही, उलट सात दिवसवाल्यांपेक्षा त्यांच्या कामाच्या सुट्ट्या ४५ टक्क्यांनी कमी झाल्या. २०२३ च्या डिसेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात रुग्णाला समजावून सांगणं आणि व्यायाम यांना जागा आहे, कंबरेचे पट्टे आणि ट्रॅक्शन (कंबर ताणून धरण्याचा उपचार) सरसकट वापरू नका असंही आहे. २०२४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ऑस्ट्रेलियातल्या मॅक्वेरी विद्यापीठाचा 'वॉकबॅक' अभ्यास आला. कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ जणांपैकी निम्म्यांना फिजिओथेरपिस्टने सहा महिन्यांत सहा वेळा बोलून, प्रत्येकाच्या बेताने, हळूहळू चालणं वाढवायला मदत केली. त्यांच्यातल्या निम्म्या जणांचं दुखणं परत यायला २०८ दिवस लागले, बाकीच्यांमध्ये ११२. लक्षात घ्या, ही माणसं बरी झालेली होती. चालण्याने जुनाट दुखणं पार जातं असं हा अभ्यास म्हणत नाही, आणि तुम्हीही कुणाला तसं वचन देऊ नका.

१. आपली हद्द आधी ठरवा

हेल्थ कोच निदान करत नाही, गोळ्या सुरू किंवा बंद करत नाही, ऑपरेशन करावं की नाही यावर मत देत नाही. तुम्ही स्वतः फिजिओथेरपिस्ट असाल तर तपासणी वेगळ्या भेटीत करा. कोचिंगच्या फोनवर दोन्ही टोप्या एकदम घालायला गेलात तर माणूस पुन्हा "तुम्हीच सांगा काय करू" या जागी जाऊन बसतो. पहिल्याच फोनवर हे साध्या शब्दांत सांगा: "तुमच्या डॉक्टरांचे उपचार चालू राहतील. रोजच्या जगण्यात हालचाल कशी वाढवायची, ते आपण दोघं मिळून ठरवू."

पट्टा, गादी, प्रथिनांची पावडर किंवा तेल यातलं काहीही विकू नका, कमिशनवर सुचवूही नका. ज्या क्षणी तुम्ही विक्रेते होता, त्या क्षणी माणूस तुम्हाला खरं सांगायचं बंद करतो.

२. धोक्याची लक्षणं पाठ करा

दहातल्या नऊहून जास्त कंबरदुख्यांमागे कुठलाही गंभीर आजार नसतो. उरलेल्या थोड्यांसाठी ही पायरी आहे आणि इथे घाई करायची नाही. चालायला सांगण्याआधी प्रत्येकाला हे प्रश्न विचारा. संकोच वाटला तरी विचारा.

ताबडतोब, त्याच दिवशी रुग्णालयात पाठवायचं ते यांना: लघवी अडली आहे किंवा नकळत होते, शौचावरचा ताबा गेला आहे, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसण्याच्या जागेला बधिरपणा आला आहे, दोन्ही पायांतली ताकद कमी होत चालली आहे. मणक्याच्या खालच्या टोकाच्या नसांच्या जुडग्यावर दाब आल्याची ही खूण असते आणि उशीर झाला तर नुकसान कायमचं राहू शकतं. "बसताना खाली कापूस ठेवल्यासारखं वाटतं" असं कुणी सहज बोलून गेलं तर बाकीचं सगळं तिथेच थांबवा.

लवकर डॉक्टरांकडे पाठवायचं ते यांना: संध्याकाळी बारीक ताप, रात्री घाम, वजन उतरणं (आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग विसरून चालत नाही, सरकारी दवाखान्यात त्याची तपासणी आणि औषधं मोफत आहेत), पूर्वी कॅन्सर झालेला असणं, झोपल्यावरही न थांबणारी रात्रीची कळ, पडल्यावर सुरू झालेलं दुखणं, विशेषतः वयस्कर बाईला न्हाणीघरात घसरल्यावर, बरेच दिवस स्टेरॉइड घेतलेलं असणं. या शेवटच्या प्रश्नाला माणूस "नाही" म्हणतो. म्हणून पुढे विचारा, "सांधेदुखीसाठी कुठून बिननावाच्या पुड्या आणल्या होत्या का?" अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड सापडलेलं आहे.

तिशीच्या आतबाहेरच्या मुलाची कंबर सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडत असेल, विश्रांतीने वाढत आणि हालचालीने मोकळी होत असेल, तर त्याला संधिवाततज्ज्ञांकडे पाठवा. अशी मुलं वर्षानुवर्षं "कॉलेजच्या बॅगेमुळे होतंय" म्हणून अंगावर काढतात.

काही जणांना थोडं चाललं की पाय भरून येतात, पोटऱ्यांत गोळे येतात, आणि पुढे वाकलं किंवा बसलं की लगेच बरं वाटतं. मणक्यातली नसांची जागा अरुंद झाली की असं होतं, पायांच्या रक्तवाहिन्यांच्या आजारातही साधारण असंच दुखतं. आधी डॉक्टरांना दाखवू द्या. नंतर यांच्यासाठी एका दमात लांब चालण्यापेक्षा तुकड्यातुकड्याने चालणं किंवा जागच्या जागी सायकल बरी पडते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर चालताना खिशात साखर हवी आणि पायांत नीट बसणारी चप्पल किंवा बूट हवेत. छातीत दुखत असेल, चालताना प्रमाणाबाहेर धाप लागत असेल तर आधी हृदयाची तपासणी.

३. सामान आणि कागद

महागडं काही लागत नाही.

- एक वही. प्रत्येक माणसासाठी दोन पानं पुरतात.
- प्रश्नांचा एक छापील कागद: वरची धोक्याची लक्षणं, चालू असलेली औषधं, इतर आजार, डॉक्टरांचं नाव, घरातल्या एका व्यक्तीचा नंबर.
- संमतीचा कागद, मराठीत. फोनवर बोलणं, नोंदी ठेवणं आणि गरज पडली तर त्यांच्या डॉक्टरांशी बोलणं, या तिन्हीसाठी परवानगी.
- चालण्याची डायरी. चार रकाने: तारीख, ठरलेली मिनिटं, चाललेली मिनिटं, काय जमलं. यात दुखण्याचा आकडा लिहायचा रकाना मुद्दामच ठेवलेला नाही.
- घड्याळ. पावलं मोजणारं यंत्र किंवा मोबाइलमधलं अॅप असेल तर ठीक, नसेल तर अडत नाही. दहा हजार पावलांचा आकडा लोक घेऊन येतात. तो १९६० च्या दशकात जपानमध्ये पाऊलमापक विकण्यासाठी पुढे आला. कंबरदुखीच्या माणसाला तो आकडा पहिल्या दिवशी सांगणं म्हणजे त्याला घरी बसवणं.
- रुग्णाकडून: डॉक्टरांची चिठ्ठी, औषधांच्या पट्ट्यांचे फोटो, जुने रिपोर्ट.

लोक हे सगळं व्हॉट्सॲपवर पाठवतात. ते तिथून काढून सुरक्षित जागी ठेवा आणि कुणाचाही रिपोर्ट "मत घ्यायला" म्हणून ग्रुपवर टाकू नका. त्या फोटोच्या कोपऱ्यात नाव आणि वय छापलेलं असतं.

४. पहिला फोन: निम्म्याहून जास्त वेळ समोरच्याचा

पहिल्या फोनला पाऊण तास राखून ठेवा. नवीन कोच इथे व्यायामांची यादी वाचायला घेतात, आणि माणूस "हो मॅडम, हो मॅडम" करत फोन ठेवतो. मग दुसऱ्या वेळी उचलत नाही.

विल्यम मिलर आणि स्टीफन रोलनिक यांनी विकसित केलेली 'मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग' नावाची संभाषणाची पद्धत आहे. मूळ व्यसनमुक्तीच्या कामातून आलेली. तिचं सार असं की बदलाची कारणं समोरच्याच्या तोंडून आली पाहिजेत. तुम्ही "चाललंच पाहिजे" म्हणालात की तो "पण" म्हणणार. तुम्ही ऐकत राहिलात तर तोच कधीतरी म्हणतो, "असं बसून तरी किती दिवस काढणार?"

असाच एक संवाद देते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. एका तालुक्याच्या गावातल्या, अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या काकू.

"मॅडम, माझ्या मणक्यात गॅप आहे. एल-फोर एल-फाइव्हला."

"काकू, गॅप आहे म्हणजे आत नेमकं काय होत असेल असं वाटतं तुम्हाला?"

"हाडाला हाड घासतंय. जास्त चालले तर नस तुटून पाय जाईल."

"म्हणून चालणं बंद केलंत."

"चालणं, खाली बसणं, नातीला घेणं, सगळंच. मंगळवारी देवळात जायचे, तेही बंद."

"यातलं सगळ्यात आधी काय परत हवंय?"

त्या जरा थांबल्या. "देऊळ. देवाला घरूनही हात जोडता येतात हो, पण तिथं आमच्या बायका जमतात."

हे वाक्य मिळालं की पहिला फोन सत्कारणी लागला. बघा, इथे "रोज अर्धा तास चालेन" असं काही नाही. मैत्रिणी आहेत. पुढचे सगळे आकडे या मैत्रिणींपर्यंत पोहोचण्यासाठी आहेत, आणि काकूंचा उत्साह ओसरेल तेव्हा आठवण करून द्यायची ती त्यांची, वजनाची किंवा बीपीची नाही.

सांगायचं असेल तेव्हा परवानगी मागा. "याबद्दल मला थोडं माहीत आहे, सांगू का?" सांगून झालं की पुन्हा त्यांनाच विचारा, "हे ऐकून काय वाटलं?" हे अवघडल्यासारखं वाटतं, पण सरावाने अंगवळणी पडतं.

५. एमआरआयचा कागद

या कागदाने जितकी माणसं झोपवली आहेत तितकी दुखण्याने झोपवली नसतील, असं माझं ठाम मत आहे. "डिस्क बल्ज", "डिजनरेशन" हे शब्द घरभर वाचले जातात, आणि त्याचं मराठी होतं "गादी सरकली", "मणके झिजले", "गॅप आला". मग माणूस आपली कंबर काचेची समजून वागायला लागतो.

२०१५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा ३,११० लोकांचे स्कॅन त्यात एकत्र पाहिले होते. चाळिशीतल्या ६८ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या गादीत (डिस्कमध्ये) झीज होती आणि ५० टक्के लोकांची गादी फुगलेली होती. ऐंशीच्या घरात झीज ९६ टक्क्यांवर जाते. न दुखणाऱ्या कंबरेत! हे आकडे मी तोंडपाठ ठेवते आणि माणसाने परवानगी दिली की सांगते. मणक्याची झीज ही केस पिकण्यासारखी आहे, वयाबरोबर येते आणि बहुतेकदा एकटी काही त्रास देत नाही.

पण एक सापळा टाळा. "रिपोर्टमध्ये काही नाही" असं म्हणू नका. माणसाला ते "तुमचं दुखणं खोटं आहे" असं ऐकू येतं. दुखणं खरंच आहे. फक्त दुखणं आणि इजा या दोन गोष्टी एकच नाहीत. बरेच महिने दुखत राहिलं की शरीराची धोक्याची घंटा जरा जास्तच लवकर वाजायला लागते. झोप नसली, घरात ताण असला की आणखी लवकर. हे सांगितलं की पुष्कळ जण स्वतःहून म्हणतात, "खरंय, मुलीचं लग्न ठरत होतं तेव्हा फार दुखायचं."

आणि ज्याच्या पायात खरोखर ताकद कमी होत आहे, त्याच्या रिपोर्टला ही टक्केवारी लावू नका. तिथे डॉक्टरांचा शब्द.

तुमचे स्वतःचे शब्दही तपासा. "सांभाळून हां", "वाकायचं नाही अजिबात", "दुखलं की लगेच थांबा", ही वाक्यं आपुलकीने येतात आणि भीती पेरून जातात.

६. ध्येय: लहान, तारखेचं, त्यांच्या भाषेत

मोठ्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम, असं जागतिक आरोग्य संघटना २०२० पासून सांगते आहे. हा आकडा तुमच्या वहीत राहू द्या. माणसाच्या डायरीत त्याचं ध्येय हवं: "मंगळवारी देवळापर्यंत पायी", "एसटीत उभं राहून तालुक्याला", "नातवाला शाळेतून आणणं".

ध्येय ठरलं की विचारा, "० ते १० मध्ये, हा आठवडा हे जमेल याची किती खात्री वाटते?" समजा उत्तर आलं ४. आपल्या तोंडी लगेच येतं, "फक्त चारच का?" तसं विचारू नका. विचारा, "४ म्हणालात, २ का नाही म्हणालात?" मग माणूस आपल्या ताकदीची बाजू मांडायला लागतो: "घरापासून कोपऱ्यापर्यंत तर जातेच की मी." त्यानंतर विचारा, "४ चे ६ व्हायला काय लागेल?" खात्री ७ च्या खाली राहिली तर ध्येय लहान करा. माणसाची समजूत घालत बसू नका.

७. सुरुवातीचं माप काढा आणि घड्याळाप्रमाणे वाढवा

सगळ्या लेखात तांत्रिक अशी हीच पायरी आहे, म्हणून हिशेब मांडूनच दाखवते.

तीन दिवस माणसाला आपल्या नेहमीच्या चालीने, सोसवेल तितकंच चालायला सांगा आणि मिनिटं लिहायला सांगा. काकूंची आली ९, ६ आणि ९. सरासरी ८. सुरुवात या सरासरीच्या ८० टक्क्यांवर करायची, म्हणजे सुमारे ६ मिनिटं, दिवसातून दोनदा. देऊळ घरापासून १२ मिनिटांवर आणि वाटेत एसटी स्टँडचा बाक. दर आठवड्याला एक मिनिट वाढवलं तर सातव्या आठवड्यात १२ मिनिटं होतात. तोवर मंगळवारी बाकावर बसून, दोन टप्प्यांत जाता येतं, आणि परत येताना रिक्षा. काकूंनी पहिल्याच मंगळवारी हे केलं.

नियम एकच आणि तो दोन्ही बाजूंनी पाळायचा: ठरलेल्या मिनिटांइतकं चालायचं. थोडं दुखत असलं तरी ठरलेलं पूर्ण करायचं, आणि छान वाटत असलं तरी ठरलेल्यापेक्षा जास्त नाही. दुसरा भाग लोकांना पटत नाही, आणि घसरण तिथेच होते. बरं वाटलं म्हणून माणूस एका दिवसात चार दिवसांचं काम काढतो, दुसऱ्या दिवशी आडवा होतो, आणि "बघा, मी म्हणत होतोच" म्हणून महिनाभर हलत नाही. दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात माझ्याकडे असे फोन सुरू होतात: माळा झाडला, डबे घासले, चकल्या केल्या, सगळं एका दमात. सण आला की आधीच्या फोनवर कामाच्या वाटण्या करून ठेवा.

काकूंच्या डायरीतली एक नोंद: "मंगळवार. ठरलं ७, झालं ७. बरं वाटत होतं, अजून गेले असते, पण परत फिरले." ही नोंद वाचली तेव्हा मला कळलं की यांना पद्धत समजली.

वेग किती हवा? चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतका. सुरुवातीच्या आठवड्यांत तोही आग्रह नको.

'वॉकबॅक'मध्ये एक गोष्ट दिसली ती नव्या कोचने जरूर ध्यानात ठेवावी. चालणाऱ्या गटात पायांच्या तक्रारी जास्त होत्या: त्यांच्यात १००, दुसऱ्या गटात ५४. गुडघा, टाच, घोटा. म्हणून मिनिटं हळू वाढवा, पादत्राणं विचारा आणि प्रत्येक फोनवर पायांची चौकशी करा. ज्याचे गुडघे बोलतात त्याला चालण्यालाच बांधून ठेवू नका. सायकल, पोहणं, सूर्यनमस्कारातल्या निवडक हालचाली, जे त्याला आवडतं आणि जे तो करत राहील, ते चालेल.

८. पुढचे फोन

पहिला महिना दर आठवड्याला पंधरा मिनिटं, मग पंधरवड्याने, मग महिन्याने. सहा महिन्यांचा बेत धरा. वेळ आधी ठरवा आणि ती पाळा. माणूस तुमच्या फोनची वाट बघत असतो, नाही केलात तर त्याचा आठवडाही सुटतो.

फोनचा क्रम: काय जमलं, त्यासाठी काय उपयोगी पडलं, काय आड आलं, पुढच्या आठवड्याचा आकडा. शाबासकी देताना "वा, छान" एवढ्यावर सोडू नका. "पाऊस असूनही तुम्ही व्हरांड्यात फेऱ्या मारल्यात" असं नेमकं बोला. डायरी कोरी असेल तर रागावू नका, कारण पुढच्या वेळी ती खोटी भरली जाईल. विचारा, "हा आठवडा कसा गेला?" आणि गप्प बसा.

९. दुखणं उसळलं तर

उसळणार. हे पहिल्या महिन्यातच सांगून ठेवा, म्हणजे त्या दिवशी माणूस हबकत नाही. चौथ्या आठवड्यात काकू बहिणीकडे दिवसभर पापड लाटायला बसल्या आणि रात्री कंबर धरली. सकाळी फोन आला, "संपलं सगळं मॅडम."

आधी दुसऱ्या पायरीतले प्रश्न पुन्हा विचारा, प्रत्येक वेळी. त्यात काही नसेल तर मिनिटं निम्म्यावर आणा, पण शून्यावर नको. शेक घेऊ द्या, डॉक्टरांनी सांगितलेली गोळी घेऊ द्या, घरातल्या घरात थोड्या थोड्या वेळाने उठू द्या. दोनतीन दिवसांनी पुन्हा वाढवत आठवड्याभरात जुन्या आकड्यावर. काकू तीन दिवस अंगणात चालल्या आणि त्या मंगळवारी रिक्षाने देवळात गेल्या. जाणं चुकवलं नाही. आठवड्याभरात ओसरत नसेल किंवा कळ पायात उतरायला लागली असेल तर डॉक्टरांकडे पाठवा.

१०. आपल्याकडचे अडथळे

पुस्तकात हे मिळत नाही. पदपथ नाही, आहे तिथे गाड्या लावलेल्या, पहाटे कुत्री, बाईमाणसाला अंधारात एकटं जाता येत नाही, आणि जून ते सप्टेंबर पाऊस. उपाय माणसालाच विचारा; त्यांच्या गल्लीची माहिती तुमच्यापेक्षा त्यांना जास्त. गच्ची, देवळाचा सभामंडप, शाळेचं मैदान, सोसायटीचं पार्किंग, लांब घर असेल तर ओटीपासून परसापर्यंतच्या फेऱ्या.

"दिवसभर पायांवरच तर असते, आणखी काय चालू?" असं गृहिणी म्हणते, आणि तिचं बरोबर आहे. घरकाम ही हालचालच आहे. तिला अजून एक काम लावू नका. दिवसातली दहा मिनिटं तिची स्वतःची म्हणून मागा आणि त्यासाठी घरातल्या कुणाशी बोलायला हवं का ते विचारा. खुरपणीला जाणाऱ्या मजूर बाईला तर चालण्याचा सल्ला देणंच चुकीचं आहे. तिच्याशी ओणवं आणि उकिडवं बसण्याच्या मधे दर थोड्या वेळाने उभं राहणं, पाटी अर्धी भरणं, दुसऱ्या बाईबरोबर कामाची अदलाबदल यावर बोला. रोजंदारी बुडेल असं काहीही सुचवू नका.

घरच्यांना एका फोनवर जरूर घ्या. मुलगा आईच्या हातातली बादली काढून घेतो तेव्हा त्याला वाटतं तो सेवा करतोय. त्याला सांगा, बादली अर्धी भर आणि त्यांना उचलू दे.

११. शेवटचे फोन आणि हात सोडणं

पाचव्या महिन्यापासून आकडा तुम्ही सुचवायचं बंद करा. "पुढच्या आठवड्याला काय ठरवताय?" एवढंच. सहाव्या महिन्यात दोघांनी मिळून एक कागद लिहा, त्यांच्या अक्षरात: माझं नेहमीचं चालणं किती, दुखणं उसळलं तर पहिल्या तीन दिवसांत मी काय करणार, कोणती लक्षणं दिसली तर थेट रुग्णालय गाठणार, आणि पाहुणे, लग्न, आजारपण यांत चालणं सुटलं तर किती मिनिटांपासून पुन्हा सुरू करणार. हा शेवटचा मुद्दा लोक विसरतात. सुटलेलं चालणं जुन्याच आकड्यावर सुरू करतात आणि पुन्हा आडवे होतात. दोन आठवड्यांहून जास्त खंड पडला तर निम्म्यापासून, असं स्पष्ट लिहून घ्या.

त्यांची परवानगी असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना एक पानाची चिठ्ठी पाठवा: सुरुवातीला किती चालत होते, आता किती, कोणती कामं परत सुरू झाली. मग तीन महिन्यांनी एक फोन ठेवा, तारीख आजच वहीत घाला. त्या फोनवरही पहिला प्रश्न तोच: "काय काय करता येतंय सध्या?"